कळतें, पण वळत नाहीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



महोत्सवसमितीनें आजच्या सभेसाठीं विषय निवडण्याचें काम आम्हांवर सोंपविलें, तेव्हां अनेकांनीं आम्हांस सुचविलें कीं मुलांच्या शिस्तीविषयीं बोलावें. ती सूचना आम्हीं मान्य केली आहे. मात्र शिस्तीच्या ज्या अंगाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, त्याच अंगाविषयीं बोलण्याची परवानगी आम्ही आपणांकडे मागतों.

कळतें, पण वळत नाहीं, ही म्हण आपल्या घरोघरीं दिवसांतून एकदां तरी ऐकूं येते, आणि ती बहुधा रागानेंच उच्चारली जाते. बोलणाराच्या मनांत असा हिशेब असतो कीं ज्याला कळतें त्याला वळलेंच पाहिजे. वळत नसेल तर तो आळशी, उनाड, हट्टी किंवा बेपर्वा असला पाहिजे. वस्तुतः कळणें ही एक शक्ति आहे आणि वळणें ही निराळी शक्ति आहे. ही दुसरी शक्ति कांहीं माणसांत जन्मतःच निराळ्या घडणीची असते, आणि या कारणानें जीं मुलें मागें पडतात त्यांस अधिकाधिक उपदेश करणें म्हणजे पाय मुरगळलेल्यास पळण्याचे फायदे समजावून सांगणें होय. ए.डी.एच.डी. म्हणजे अवधान टिकविण्यांत व चंचलता आवरण्यांत ज्यांस अडचण येते तीं मुलें, आणि ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेलीं मुलें, या दोहोंसंबंधीं आज आम्हांस बोलावयाचें आहे.

प्रथम या शक्तीचें स्वरूप पाहूं. मानसशास्त्रज्ञ तिला कार्यकारी शक्ति असें नांव देतात. समजा, सकाळीं साडेसहा वाजतां आई दहा वर्षांच्या मुलास म्हणते, "आंघोळ करून घे, गणवेश घाल, डबा दप्तरांत ठेव, आणि जातां जातां शेजारच्या मावशीला ही पिशवी दे." वाक्य साधें आहे, मुलाला त्यांतील प्रत्येक शब्द समजतो. परंतु तें अमलांत आणावयाचें तर त्यानें चार गोष्टी क्रमानें मनांत धरून ठेवल्या पाहिजेत. अंगणांत कुत्र्याचें पिल्लूं दिसलें तरी तिकडे धांवणारें पाऊल आवरलें पाहिजे. अंगावर ऊन पाणी घेण्याचें सुख सोडून पुढच्या कामाकडे मन वळविलें पाहिजे. आणि या सर्वांत किती मिनिटें गेलीं याचा अंदाज ठेवला पाहिजे. 2000 सालीं अकिरा मियाके व त्यांचे सहकारी यांनीं 137 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन असें दाखविलें कीं स्वतःस आवरणें, मनांतील नोंद क्षणोक्षणीं ताजी ठेवणें, आणि एका गोष्टीवरून दुसरीकडे वळणें, या तीन शक्ति एकमेकींशीं नात्यानें बांधलेल्या असूनही वेगवेगळ्या आहेत. अर्थात् एखाद्यास आवरणें चांगलें साधेल आणि वळणें मुळींच साधणार नाहीं, असें होऊं शकतें.

ही शक्ति हुशारीहून किती निराळी आहे, हें ज्या एका प्रयोगावरून आम्हांस फार स्पष्ट दिसलें तो येथें जरा विस्तारानें सांगतों. 1991 सालीं टिम शॅलिस व पॉल बर्जेस या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनीं तीन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. तिघांच्याही मेंदूच्या पुढील भागास अपघातानें इजा झालेली होती. बुद्धिमापनाच्या कसोट्यांत तिघे चांगले उतरत, पण रोजचे व्यवहार मात्र त्यांच्या हातून नीट पार पडत नसत. टेबलावरच्या बहुतेक कसोट्यांतून हा दोष पकडतां येईना, म्हणून त्यांस बाजारांत पाठविण्यांत आलें. यादी अगदीं क्षुल्लक होती. ब्राऊन पाव घ्यावा, घशाच्या गोळ्या घ्याव्या, निघाल्यापासून पंधरा मिनिटांनीं ठराविक जागीं हजर असावें, आणि चार गोष्टींची माहिती मिळवून एका कार्डावर लिहावी: टोमॅटोचा पौंडाचा भाव काय, फ्रेंच फ्रँकचा कालचा दर काय, काल ब्रिटनमध्यें सर्वांत थंड ठिकाण कोणतें होतें, आणि या रस्त्यावरची सर्वांत महाग वस्तु बहुधा कोणत्या दुकानांत असेल. शिवाय खर्च कमींत कमी करावा, कांहीं घ्यावयाचें असल्यावांचून दुकानांत शिरूं नये, असे कांहीं नियमही होते. निरोगी माणसांनीं हें काम थोड्याफार चुका करून पार पाडलें. त्या तिघांच्या हातून मात्र नियम मोडले गेले आणि कामें राहून गेलीं. एकेक काम सुटें घेतलें तर त्यांत अवघड असें कांहींच नव्हतें. अनेक सोपीं कामें, मधला गोंगाट, घड्याळ, आणि सांगणारा कोणी जवळ नाहीं, एवढ्यानेंच त्यांचा घोटाळा उडाला.

येथें एक खुलासा केला पाहिजे. ए.डी.एच.डी. किंवा स्वमग्नता ही मेंदूची इजा नव्हे. तीं मुलें तशींच जन्मलेलीं असतात, आणि त्यांच्या घडणींत कांहीं गोष्टी दुर्बल तर कांहीं फार बळकटही असतात. तथापि दवाखान्याची शांत खोली आणि बाजार यांतील हें अंतर त्यांच्याही बाबतींत खरें ठरतें. 2005 सालीं एरिक विलकट आदि संशोधकांनीं 83 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां ए.डी.एच.डी. असलेल्या मुलांचा गट आवरण, स्मरण व बेत आखणें या कसोट्यांत इतर मुलांहून मागें आढळला. परंतु त्या गटांतील कित्येक मुलें या कसोट्यांत नेहमींसारखींच उतरलीं. म्हणून एखाद्या तज्ज्ञापुढें अर्धा तास शांत बसून मुलानें सर्व उत्तरें दिलीं, तर "हा घरींच नाटक करतो" असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करूं नये.

ए.डी.एच.डी. हें खूळ अलीकडचें आहे अशी कित्येकांची समजूत आहे. नांव खरोखरच अलीकडचें आहे. तें 1987 सालीं रूढ झालें. वस्तु मात्र जुनी आहे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें 1798 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अवधान टिकवितां न येणाऱ्या मुलांचें वर्णन केलें आहे. 1902 सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं तीन व्याख्यानें दिलीं आणि बुद्धि शाबूत असूनही ज्यांस स्वतःला आवरतां येत नाहीं अशा मुलांची हकीगत सांगितली. स्टिल यांनीं या स्थितीस नैतिक नियंत्रणाचा दोष असें म्हटलें. हा दोष वैद्यकाच्या कक्षेंत येतो असें तेच सांगत होते, तरीही त्यांस शब्द सुचला तो नीतीचाच. आमच्या मतें या एका शब्दानें पुढें अनेक मुलांचें नुकसान केलें आहे. जेथें दोष नीतीचा मानला जातो तेथें उपाय शिक्षेचाच सुचतो, आणि आपल्या घरांत व शाळांत अजूनही हेंच चाललें आहे.

2007 सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत फिलिप शॉ व त्यांचे सहकारी यांनीं ए.डी.एच.डी. असलेल्या 223 मुलांच्या व तितक्याच इतर मुलांच्या मेंदूंचीं चित्रें ताडून पाहिलीं. मेंदूचें बाह्य आवरण वाढत्या वयांत जाड होत जातें व पुढें पुन्हां पातळ होऊं लागतें. त्याच्या निम्म्या भागाची जाडी पूर्णत्वास पोहोंचण्याचें वय इतर मुलांत सुमारें साडेसात, तर या मुलांत सुमारें साडेदहा आढळलें; आणि विलंब सर्वांत अधिक कोठें, तर पुढील भागांत, जेथें आवरणें व बेत करणें यांचें मुख्य काम चालतें. ही सरासरी आहे. वय वाढलें म्हणजे सर्वांची अडचण आपोआप सरते, असा तिचा अर्थ कोणी घेऊं नये. परंतु बारा वर्षांच्या अशा मुलाकडून दप्तर भरण्याच्या बाबतींत नऊ वर्षांच्या मुलाइतकी अपेक्षा ठेवली, तर पुष्कळ घरांतील सकाळ शांततेनें जाईल.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, "मोबाईलवरच्या खेळांत तर तो दोन दोन तास गढून जातो, मग अभ्यासांतच अवधान कोठें जातें?" शंका रास्त आहे आणि आम्हांस ती नेहमीं विचारली जाते. या मुलांजवळ अवधान नसतें असें नाहीं. तें हव्या त्या ठिकाणीं नेण्याचें व तेथून काढण्याचें सुकाणूं सैल असतें. खेळांत दर दोन क्षणांनीं नवें कांहीं तरी घडतें आणि बक्षीस हातोहात मिळतें. वार्षिक परीक्षेचें बक्षीस दहा महिन्यांनीं मिळावयाचें असतें. आपणां सर्वांसच दूरचें फळ फिकें वाटतें. या मुलांस तें जवळ जवळ दिसतच नाहीं. उद्यां आणि पुढचा महिना यांत त्यांस फारसा फरक जाणवत नाहीं, आणि म्हणूनच निबंधाची वही आदल्या रात्रीं दहा वाजतां उघडली जाते. त्या रात्रीं त्या मुलास होणारें दुःख खोटें नसतें, हें आईबापांनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

आतां स्वमग्न मुलांकडे वळूं. यांची अडचण बहुधा निराळ्या जागीं असते. 1943 सालीं बाल्टिमोर येथें लिओ कॅनर यांनीं ज्या 11 मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत सर्व कांहीं जसेंच्या तसें राहावें या तीव्र ओढीचा उल्लेख त्यांनीं मुद्दाम केला आहे. बेत एकदां ठरला कीं अनेक स्वमग्न माणसें तो इतरांहून चोख पार पाडतात. बेत अचानक बदलला कीं सर्व डोलारा कोसळतो. यासाठीं एक पत्त्यांची कसोटी फार वापरली जाते. रंगाप्रमाणें पत्ते लावीत असतां परीक्षक न सांगतां नियम बदलतो. आतां आकाराप्रमाणें लावावे लागतात, आणि हें केवळ "चूक, बरोबर" या शब्दांवरून ओळखावें लागतें. स्वमग्न मुलें यांत जुन्या नियमास अधिक वेळ धरून राहतात असें आढळलें. गंमत अशी कीं 1995 सालीं सॅली ओझोनॉफ यांनीं हीच कसोटी माणसाऐवजीं संगणकाकडून घेतली, तेव्हां हा फरक कमी झाला. म्हणजे अडचणीचा कांहीं वांटा वळण्यांत होता, तर कांहीं समोरच्या माणसाचा चेहरा व स्वर उलगडण्यांत होता. वर्गांत गोंधळलेल्या स्वमग्न मुलास आपण जेव्हां आवाज चढवून तीच सूचना निराळ्या शब्दांत पुन्हां सांगतों, तेव्हां एका कोड्याचीं दोन कोडीं करून ठेवतों.

या विषयावर खुद्द स्वमग्न माणसांनींही लिहिलें आहे, आणि तें आम्हांस तज्ज्ञांच्या लिखाणाहून पुष्कळदां अधिक उपयोगी वाटतें. 2005 सालीं डायना मरे, माइक लेसर व वेंडी लॉसन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं स्वमग्न मन एका वेळीं थोड्याच गोष्टींस, पण सर्व बळानें, अवधान देतें. ज्याचें मन असें एका बोगद्यांत खोल शिरलेलें आहे, त्याला "चल, जेवायला ये" या एका हाकेनें बाहेर काढणें म्हणजे झोपेंतून ओढून उठविण्यासारखें आहे. 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत स्वमग्न प्रौढांनीं याहूनही अवघड गोष्ट सांगितली आहे: जें काम करावेंसें मनापासून वाटतें, त्याचीही सुरुवात कधीं कधीं करतां येत नाहीं, अंग जणूं जागच्या जागीं खिळून राहतें, आणि दुसऱ्या कोणी हलविल्यावांचून सुटका होत नाहीं. बाहेरून पाहणारास हा आळस दिसतो.

कित्येक मुलांत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. 2013 पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाप्रमाणें एकाच मुलास दोन्ही निदानें देतां येत नसत. त्या वर्षींच्या आवृत्तींत ती अट काढून टाकण्यांत आली. अशा मुलाची ओढाताण आईबापांनीं समजून घेण्याजोगी आहे. त्याच्या एका अंगास रोजचा ठराविक क्रम हवा असतो, आणि दुसरें अंग त्याच क्रमास चार दिवसांत कंटाळतें. तें स्वतःच वेळापत्रक मागतें, स्वतःच मोडतें, आणि मोडलें म्हणून स्वतःच रडतें. अशा वेळीं क्रम तोच ठेवून त्यांतील मजकूर बदलीत राहणें उपयोगी पडतें. उदाहरणार्थ, अभ्यासाची वेळ व जागा रोज तीच, परंतु विषय कोणता आधीं हें त्यानें ठरवावें.

आपल्या वडील मंडळींचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "आमच्या वेळीं असें कांहीं नव्हतें." हीं माणसें तेव्हांही होतीं असें आम्ही मानतों, पण त्यांच्या भोंवतालचें जीवन त्यांच्या वतीनें कार्यकारी शक्तीचें काम करीत असे. देवळाची घंटा दिवसांतून तीनदां वाजे आणि तिच्यावर घरचीं कामें चालत. शेतांत दहा माणसें एका ओळींत लावणी करीत. शेजारच्याचा हात चालला कीं आपलाही चाले. होडी केव्हां लोटावयाची हें भरती ओहोटी सांगे. आठ माणसांच्या घरांत एकानें विसरलेलें दुसऱ्याच्या लक्षांत असे. आज तोच स्वभाव घेऊन मुलगा लहानशा खोलींत एकटा पुस्तकापुढें बसतो, गृहपाठ भ्रमणध्वनीवर येतो, आणि आईबाप दोघेही लोकलनें कामावर गेलेले असतात. जें ओझें पूर्वी गांव वाहत असे, तें आतां एका लहानग्या डोक्यावर आलें आहे.

यावरूनच उपायाची दिशा सुचते. जें मनांत टिकत नाहीं तें मनाबाहेर, आणि तेंही कामाच्या जागींच, ठेवावें. दप्तर भरण्याची यादी फ्रिजवर लावून उपयोग नाहीं. ती दप्तराच्या खुंटीशींच हवी, आणि लहान मुलासाठीं शब्दांऐवजीं चित्रांची हवी. वेळ डोळ्यांस दिसावी. वाळूचें घड्याळ किंवा स्वयंपाकघरांतील घंटी लावण्याचें घड्याळ यासाठीं चांगलें. ए.डी.एच.डी. असलेल्या मुलास मोठें काम लहान तुकडे करून द्यावें आणि प्रत्येक तुकड्यानंतर शाबासकी तेथल्या तेथें द्यावी. त्याच्या शेजारीं कोणी तरी आपलें काम घेऊन मुकाट्यानें बसावें. आजी तांदूळ निवडीत बसली तरी पुरे. सूचना द्यावयाची नसते, फक्त सोबत असावी लागते. स्वमग्न मुलास मात्र बदलाची आगाऊ वर्दी द्यावी; "दहा मिनिटांनीं जेवण, मग पांच मिनिटांनीं पुन्हां सांगेन" असें म्हणून तसेंच करावें. एका वेळीं एक सूचना, मोजक्या शब्दांत. आणि "खोली नीट कर" असें मोघम न सांगता "पुस्तकें फळीवर ठेव" असें सांगावें.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनीं 1999 सालीं मांडलेली एक साधी युक्तिही करून पाहण्यासारखी आहे. "मी रोज अभ्यास करीन" या निश्चयाऐवजीं "चहाचा कप ठेवला कीं गणिताची वही उघडीन" असा जेव्हां-तेव्हांचा जोड बांधावा. असा जोड बांधला असतां ए.डी.एच.डी. असलेल्या मुलांसही स्वतःला आवरणें अधिक साधतें, असें 2008 सालच्या प्रयोगांत दिसून आलें. निश्चयास आठवण स्वतः ठेवावी लागते; येथें ती कप करून देतो.

औषधांविषयीं थोडक्यांत. 1937 सालीं अमेरिकेंतील ईस्ट प्रॉव्हिडेन्स येथें चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनीं डोकेदुखीसाठीं म्हणून मुलांस बेन्झेड्रिन दिलें आणि त्यांतील कित्येकांचा अभ्यास अनपेक्षितपणें सुधारला. तेथून ही वाट निघाली. आज तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं दिलेल्या औषधानें ए.डी.एच.डी. असलेल्या पुष्कळ मुलांस लाभ होतो, आणि त्याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर मात्र असें औषध नाहीं. तें असल्याची जाहिरात करणारांपासून आपलें मूल व आपली पुंजी दोन्ही जपावीं.

कायद्याचीही माहिती असावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमांत जे 21 प्रकार दिले आहेत त्यांत स्वमग्नता आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे, ए.डी.एच.डी. स्वतंत्रपणें नाहीं. परंतु अशा अनेक मुलांस वाचन, लेखन किंवा गणित यांची विशिष्ट अडचणही असते, म्हणून ती तपासणी करून घ्यावी. अधिकृत रुग्णालयाचा दाखला मिळाल्यास परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळूं शकतात. हें काम दहावीच्या वर्षाच्या आरंभीं करावयाचें नसतें. त्याच्या बरेंच आधीं करावें. मुलींच्या बाबतींत तर विशेष जागरूक राहावें. त्या पुष्कळदां गडबड न करतां खिडकीबाहेर पाहत बसतात, आणि कोणाला त्रास नाहीं म्हणून कोणाचें लक्षही जात नाहीं.

मुलाचें निदान होत असतां, "अहो, मीही अगदीं असाच होतों," असें म्हणणारे बाप आम्हांस भेटतात. कोणी नोकऱ्या बदलून थकलेले असतात, कोणाच्या घरांत न भरलेल्या बिलांवरून वीस वर्षें भांडण चाललेलें असतें. प्रौढांचीही तपासणी होऊं शकते, आणि वर सांगितलेले उपाय त्यांसही लागू पडतात.

पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही शाळेच्या वाचनालयांत बसणार आहोंत. ज्यांस आपल्या मुलाविषयीं अथवा स्वतःविषयीं खाजगी बोलावयाचें असेल त्यांनीं यावें. येतांना प्रगतिपुस्तक आणूं नये. त्याऐवजीं एका सकाळची हकीगत कागदावर लिहून आणावी: काय सांगितलें होतें, काम कोठवर झालें, आणि नेमकें कोठें अडलें.